परसातला मोठा स्मोकर: घ्यावा का, ठेवावा कुठे आणि गंजापासून वाचवावा कसा?

केटीकर

नमस्कार. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी भागात राहतो. आमच्या गल्लीतले एक कुटुंब दुसऱ्या राज्यात चालले आहे आणि त्यांचा मोठा ऑफसेट स्मोकर, म्हणजे बाजूच्या पेटीत आग करून तिच्या धुरावर मांस सावकाश शिजवायचे साधन, त्यांना विकायचा आहे. २५० गॅलनच्या प्रोपेन टाकीपासून तो एका वेल्डरकडून बनवून घेतलेला आहे. आडव्या टाकीच्या एका टोकाला चौकोनी फायरबॉक्स (आगीची पेटी), दुसऱ्या टोकाला धुराडे, मध्ये दोन जाळ्या आणि हे सगळे दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेले, असे त्याचे स्वरूप आहे.

मी सध्या उभ्या नळकांड्यासारख्या लहान स्मोकरवर काम भागवतो. चार माणसांच्या घराला तो पुरतो, पण उन्हाळ्यात मराठी मित्रमंडळी जमली की एकाच ब्रिस्केटला (गाईच्या छातीच्या मांसाच्या मोठ्या तुकड्याला) सकाळपासून संध्याकाळ होते आणि चिकनसाठी जागाच उरत नाही. लाकडाच्या खऱ्या आगीवर, पोस्ट ओकच्या धुरात, २२५ ते २७५ अंश फॅरेनहाइटवर सावकाश शिजवण्याची मला मनापासून आवड आहे. त्यामुळे हा स्मोकर हातचा जाऊ द्यावासा वाटत नाही.

चिंता आहे ती ठेवण्याची. आमच्याकडे लाकडी डेक आहे, त्यापुढे हिरवळ आहे आणि घराच्या बाजूने कुंपणापर्यंत दहा-बारा फुटांची मोकळी पट्टी आहे. गॅरेजमध्ये दोन गाड्या असतात. इथली हवा वर्षातले बरेच महिने दमट असते. असा स्मोकर बाहेर ठेवला तर किती टिकतो, कव्हर घालावे की नाही आणि जागा कोणती निवडावी, हे ज्यांच्याकडे मोठा स्मोकर आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

लोखंडकाम

केटीकर, तुम्ही खरेदीआधी जागेचा विचार करत आहात हे फार चांगले आहे. माझा व्यवसाय पोलादी फॅब्रिकेशनचा आहे आणि आमच्या कार्यशाळेत दुरुस्तीसाठी स्मोकर येत असतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी वजन पाहा. पाव इंच जाडीच्या पोलादी प्लेटचे वजन दर चौरस फुटाला सुमारे १० पौंड भरते. २५० गॅलनची रिकामी टाकीच ५०० पौंडांच्या आसपास असते. त्यावर फायरबॉक्स, दारे, धुराडे, जाळ्या आणि ट्रेलर धरला की हजार पौंडांचा आकडा सहज ओलांडला जातो. अमेरिकेत घराचा लाकडी डेक साधारणपणे दर चौरस फुटाला ४० पौंड भार गृहीत धरून बांधतात. स्मोकरचा सगळा भार मात्र दोन चाके आणि एक जॅक अशा तीन बिंदूंवर येतो, त्यामुळे डेकचा विचार डोक्यातून काढून टाका. शिवाय लाकडी डेकवर फायरबॉक्स पेटवणे हा वेगळाच धोका आहे. हिरवळीवर ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात चाके रुततील आणि खालून सतत ओल येत राहील. चार इंच जाडीचा काँक्रीटचा चौथरा किंवा नीट ठोकून बसवलेल्या खडीवर फरशा, हे दोनच पर्याय मला योग्य वाटतात.

आता गंज. स्मोकर पावसाने खराब होतो असे बहुतेकांना वाटते. माझ्या पाहण्यात जे फायरबॉक्स तळातून गेले, ते जवळजवळ सगळे आतून, राखेखाली गेले. राख हवेतली ओल ओढून घेते आणि धरून ठेवते, तिच्यातले क्षार त्या ओलीत विरघळतात आणि हा ओला थर आठवडेच्या आठवडे पोलादाला चिकटून बसतो. वरून पाहावे तर करडी, कोरडी राख दिसते. पत्र्याच्या पट्टीने ती खरवडली की खाली काळपट चिखल लागतो, आणि त्याखालचे पोलाद पापुद्र्यापापुद्र्याने सुटून येते. पाव इंचाच्या प्लेटला हे व्हायला वर्षे लागतात. दुकानात मिळणाऱ्या पातळ पत्र्याच्या स्मोकरचा तळ दोन-तीन पावसाळी हंगामांतच जाऊ शकतो.

म्हणून नियम एकच ठेवा: आग विझून फायरबॉक्स पूर्ण थंड झाला की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी राख काढायचीच. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात घालायची आणि डबा घरापासून, डेकपासून आणि कुंपणापासून लांब ठेवायचा, कारण राखेत पुरलेला निखारा दोन दिवसांनंतरही जिवंत सापडतो. कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या कचरापेटीत ती कधीही टाकू नये.

दुसरी गोष्ट धुराड्याची. त्याचे तोंड उघडे राहिले तर पावसाचे पाणी थेट आत उतरते, चरबीत मिसळते आणि उतार फायरबॉक्सकडे असेल तर तिथल्या राखेत जाऊन मुरते. एक झाकण किंवा पालथा घातलेला डबा एवढ्याने हे टळते. पेटवण्याआधी तो काढायची आठवण राहावी म्हणून त्याला लाल पट्टी बांधा.

विकत घेण्याआधी फायरबॉक्सचा तळ बाहेरून हातोडीने हलकेच ठोकून पाहा. धड प्लेट खणखणीत वाजते. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे गळाले, तर तळाला नवी प्लेट वेल्ड करण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. दारे बंद केल्यावर कडेने किती फट राहते तेही पाहा.

न्यूजर्सी_परस

लोखंडकाम यांच्या राखेविषयीच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त धुराडे झाकले की पुरे, असे त्यातून कोणी समजू नये म्हणून लिहितो. आमच्याकडे डिसेंबर ते मार्च बर्फ साचतो, दिवसा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. दारांच्या बिजागऱ्यांत आणि सांध्यांत शिरलेले पाणी तिथेच गोठून फुगते, रंग सोडवते आणि गंजाला वाट करून देते. त्यामुळे कव्हर न घालणे आमच्या भागात चालणार नाही. जाड, आतून कापडी अस्तर असलेले आणि दोन्ही बाजूंना हवेसाठी जाळीच्या खिडक्या असलेले कव्हर मी वापरतो. ते जमिनीपर्यंत ओढत नाही, खाली वीतभर जागा मोकळी सोडतो.

गरम स्मोकरवर कव्हर घालू नये हे सांगायला नको, पण कोमट स्मोकरवरही घालू नये. आतली वाफ कव्हरखाली अडकते आणि रात्री थंडाव्याने पाणी होऊन पोलादावर बसते.

हिवाळ्यासाठी बंद करताना आम्ही जाळ्या खरवडून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तळघरात नेतो. पाण्याचे भांडे रिकामे करतो. धुराड्याच्या तोंडाला आणि हवेच्या झडपांना बारीक तारेची जाळी लावतो, कारण उंदरांना घरटे करायला याहून उबदार आणि चरबीचा वास असलेली जागा मिळत नाही. आमच्या राज्याच्या वायव्य भागात काळी अस्वले आहेत, त्यामुळे चरबी गोळा होणारी बादली पहिल्याच संध्याकाळी रिकामी करणे ही इथे सक्तीचीच बाब आहे.

केटीकर

दोघांचेही मनापासून आभार. आमच्याकडे गोठण्याचा प्रश्न वर्षातून मोजकेच दिवस येतो, पण दमटपणा भरपूर. अशा हवेत कव्हर फायद्याचे ठरेल की उलटे? आणि कव्हरऐवजी छप्पर घातले तर?

लोखंडकाम

तुमच्या भागापुरते माझे मत छपराच्या बाजूने आहे.

टेक्सासच्या आखाती किनारपट्टीवर हिवाळ्याच्या अखेरीस एक प्रकार वारंवार घडतो. थंड वाऱ्याची लाट येऊन जाते, पाठोपाठ समुद्रावरची उबदार, दमट हवा परत येते आणि जाड पोलाद मात्र कित्येक तास थंडच राहते. त्या काळात पाऊस नसतानाही स्मोकर आतून-बाहेरून घामेजतो. वारा लागला तर दुपारपर्यंत तो आपोआप सुकतो, पण घट्ट कव्हराखाली ते पाणी दिवसचे दिवस तसेच राहते. म्हणून वरून झाकलेली आणि चारही बाजूंनी मोकळी जागा सर्वांत चांगली. चार लोखंडी खांब आणि उताराचा पन्हाळी पत्रा पुरेसा आहे, मात्र पत्रा धुराड्याच्या तोंडापेक्षा चांगला उंच हवा आणि तुळया लाकडी नसाव्यात. छप्पर लाकडी असेल तर ते केवळ ठेवण्यापुरते समजा आणि पेटवण्यापूर्वी स्मोकर बाहेर ओढून घ्या.

आतल्या हवेचेही तसेच आहे. झडपा पूर्ण बंद करून ठेवलेल्या स्मोकरमध्ये चरबी आणि ओल एकत्र कोंडली जाते आणि महिन्याभरात जाळ्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. दोन्हीकडच्या झडपा बोटभर उघड्या ठेवल्या की हवा खेळती राहते. झाकण घातलेल्या धुराड्यातूनही थोडी हवा जाऊ द्या. बुरशी धरलीच तर जाळ्या बाहेर काढून घासाव्यात, आतला ओशट थर खरवडावा, मोठी आग करून स्मोकर चांगला तापवावा, थंड झाल्यावर पुन्हा खरवडून पुसावा आणि नव्याने तेल पाजावे. नुसते पाणी मारून धुतल्याने बुरशी जात नाही आणि गंजाला मात्र आमंत्रण मिळते.

तेल पाजण्याबद्दल दोन शब्द. कॅनोलासारखे साधे तेल कापडाने पुसल्यासारखे लावावे. ओघळ दिसले म्हणजे जास्त झाले, आणि जाड थर कडक होण्याऐवजी चिकट राहतो. मग दोन-तीन तास मध्यम आच ठेवली की तेलाचा पातळ, कठीण थर पोलादावर बसतो. शिजवण्याच्या भागावर तो टिकतो, फायरबॉक्सच्या बाहेरच्या अंगावर टिकत नाही, कारण तिथली उष्णता तेल आणि बहुतेक रंग दोन्ही जाळून टाकते. १२०० अंश फॅरेनहाइटपर्यंतचा म्हणून विकला जाणारा रंगही तिथे वरचेवर नव्याने द्यावा लागतो. मी फायरबॉक्सला रंग देतच नाही. प्रत्येक वेळी आग उतरल्यावर, पोलाद हाताला सोसवेल इतके कोमट असताना, तेलाचे फडके फिरवतो. तेलाने भिजलेली फडकी मात्र चुरगळून गॅरेजात टाकू नयेत. ती पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवावीत, कारण अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात.

ऑस्टिनच्या_दक्षिणेला

केटीकर, मी आगीविषयी आणि सरपणाविषयी लिहितो, कारण मोठ्या स्मोकरला ठेवायची जागा म्हणजे त्याच्या लाकडांचीही जागा.

पेटवायची जागा घराच्या भिंतीपासून, कुंपणापासून आणि झाडांच्या फांद्यांपासून किमान १० फूट असावी. इंटरनॅशनल फायर कोडमध्ये ज्वलनशील बांधकामापासून १० फुटांच्या आत उघड्या ज्योतीवर शिजवू नये असा नियम आहे. स्वतंत्र घरांना त्यातून सूट आहे, पण विनाइल या प्लास्टिकची भिंत त्या सुटीमुळे वितळायची थांबत नाही. तुमची पट्टी दहा-बारा फुटांचीच असेल तर ती ठेवण्यासाठी योग्य आहे, शिजवण्यासाठी अपुरी आहे. मधोमध उभे केले तरी दोन्ही बाजूंना पाच-सहा फूटही उरत नाहीत. म्हणजे चौथऱ्यापासून परसाच्या मोकळ्या भागापर्यंत हा स्मोकर ओढता यावा अशी कठीण वाट लागेल आणि ट्रेलरचा दांडा उचलणारी हातगाडीही लागेल. या वाटेचा खर्च आत्ताच धरा, कारण ती नसली की माणूस कंटाळून भिंतीलगतच पेटवू लागतो.

गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, पेटवू नका. झडपा बंद करून विझत घातलेला स्मोकरही लगेच गॅरेजमध्ये ढकलू नका. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड बराच वेळ बाहेर पडत असतो आणि त्याला रंग नाही, वास नाही.

सरपणाचे म्हणाल तर एवढा स्मोकर दिवसभर चालवायला टोपलीभर लाकूड पुरत नाही. इथे लाकूड कॉर्डच्या मापाने विकतात. एक पूर्ण कॉर्ड म्हणजे ८ फूट लांब, ४ फूट उंच आणि ४ फूट खोल अशी १२८ घनफुटांची रास. पाव कॉर्डपासून सुरुवात करा. लाकूड फोडल्यानंतर सहा महिने ते वर्षभर वाळलेले असावे आणि आतली ओल २० टक्क्यांच्या आसपास असावी. ओले लाकूड धुमसते, धूर पांढरा आणि दाट होतो, मांसाला कडवटपणा येतो आणि धुराड्यात क्रिओसोटचा (धुरातल्या डांबरासारख्या पदार्थाचा) काळा थर चढतो. रास जमिनीपासून उंच, वरून झाकलेली पण बाजूंनी उघडी आणि घराच्या भिंतीपासून लांब ठेवा, नाहीतर वाळवीला तुम्ही स्वतःच उंबरठ्यापर्यंत आणले असे होईल. लाकूड जवळपासचेच घ्या. लांबून आणलेल्या सरपणातून किडी आणि रोग पसरतात. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेला एमराल्ड अॅश बोरर हा भुंगेरा इतका दूरवर पोचण्यात सरपणाच्या वाहतुकीचा मोठा वाटा आहे. टेक्सासमध्ये ओक विल्ट या बुरशीजन्य रोगाने मेलेल्या रेड ओकचे न वाळलेले लाकूड तर मुळीच घेऊ नये.

शेवटी मनापासून एक सांगतो. टेक्सासमधल्या लॉकहार्ट गावात क्रूझ मार्केट १९०० पासून आणि ब्लॅक्स १९३२ पासून, अशी धुरावर शिजवलेल्या मांसाची दोन हॉटेले चालू आहेत. अशा ठिकाणच्या भट्ट्या टिकण्यामागे एक साधे कारण म्हणजे त्या थंड पडून राहत नाहीत. रोजच्या उष्णतेने ओल टिकत नाही आणि चरबीचा थर ताजा राहतो. घरच्या स्मोकरचेही असेच आहे. महिन्यातून दोनदा पेटणारा स्मोकर उघड्यावरही बरा राहतो, आणि वर्षातून दोनदा पेटणारा उत्तम छपराखालीही गंजतो.

परसबाग

वरील सर्व सूचना मोलाच्या आहेत, पण या शेवटच्या मुद्द्यावरून मला मूळ प्रश्नाकडे वळावेसे वाटते. केटीकर, एवढा मोठा स्मोकर तुम्ही खरोखर किती वेळा पेटवाल? चार जणांच्या स्वयंपाकासाठीही हजार पौंड पोलाद तापवावे लागते, आणि ते तापायला दीड-दोन तास व बरेच लाकूड जाते. मग साध्या रविवारी माणूस लहान स्मोकरच काढतो आणि मोठा पडून राहतो. सर्वांत मोठ्या मेजवानीच्या मापाने घेण्यापेक्षा नेहमीच्या जेवणाच्या मापाने स्मोकर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय तुमच्या वसाहतीची एचओए (घरमालकांची संस्था) असेल तर तिचे नियम लेखी मागवून घ्या. अनेक ठिकाणी रस्त्यावरून दिसेल असा ट्रेलर उभा करायला मनाई असते आणि छप्पर उभारायलाही आधी परवानगी लागते. घराच्या विमा कंपनीलाही कळवून उत्तर लेखी घ्या. शेजाऱ्यांचा विचारही करावा. बारा तासांचा धूर कोणाच्या शयनगृहाच्या खिडकीकडे जाणार, हे वाऱ्याची नेहमीची दिशा पाहून आधीच ठरवणे हा शेजारधर्म आहे.

चार-पाच कुटुंबांनी मिळून हा स्मोकर घ्यावा आणि ज्याच्याकडे जागा आहे त्याच्याकडे ठेवावा, हाही पर्याय आहे. ट्रेलर असल्याने तो नेता येतो.

लोखंडकाम

सामाईक मालकीबद्दल मी थोडा साशंक आहे. सामाईक स्मोकर नेतात सगळे, पण राख कोण काढणार हे ठरलेले नसते, आणि दुरुस्तीला येणाऱ्यांत असे स्मोकर बरेच पाहिले. तसे करायचेच असेल तर ज्याच्याकडे तो ठेवलेला असेल त्यालाच देखभालीचा अधिकार द्यावा आणि परत करताना फायरबॉक्स रिकामा, पुसलेला हवा ही अट सर्वांनी मान्य करावी.

रस्त्यावर नेणार असाल तर नोंदणी, मागचे दिवे, साखळ्या आणि बेअरिंगमधले ग्रीस पाहावे लागेल. एका जागी उभ्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असूनही उन्हाने तडकतात. ट्रेलर ठोकळ्यांवर उचलून ठेवा आणि टायरांवर सावली करा.

शाकाहारी_पाहुणी

एक छोटी विनंती. आमच्यासारखे शाकाहारी पाहुणे येत असतील तर वरची जाळी वेगळी राखून ठेवावी, तिच्यावर कधीच मांस ठेवू नये आणि ती घरात वेगळी टांगून ठेवावी. पनीर, मक्याची कणसे आणि रताळी मंद धुरात छान होतात. भरताचे वांगे मात्र धुरात ठेवू नका, त्याला थेट आच लागते. फायरबॉक्समध्ये आग निखाऱ्यांवर आली की एका कडेला वांगी ठेवायची. साल पूर्ण करपली की झाली. पेटवलेल्या एका आगीचा असा दुहेरी उपयोग झाला तर तो स्मोकर अधिक वेळा पेटेल, हेही ओघाने आलेच.

केटीकर

सर्वांच्या सल्ल्यानंतर काल जाऊन स्मोकर नीट पाहिला. फायरबॉक्सचा तळ ठोकला तर एका कोपऱ्यात आवाज बद्द येतो आणि साधारण तळहाताएवढ्या भागातून पापुद्रे सुटतात, बाकी तळ खणखणीत आहे. टाकीची दारे नीट बसतात. दुरुस्तीचा खर्च वजा करून किंमत सांगितली आणि ती त्यांना मान्य आहे. आमच्या एचओएने कुंपणापेक्षा उंच छपराला परवानगी नाकारली आहे, पण चौथरा आणि रस्त्यावरून न दिसणारा ट्रेलर यांना त्यांची हरकत नाही.

परसबाग यांचा प्रश्न मी घरात मांडला. लहान स्मोकर मित्राला देऊन टाकायचा आणि महिन्यातून किमान एकदा मोठाच पेटवायचा, शेजारच्या दोन कुटुंबांचे मांसही त्याच आगीवर करायचे, असे ठरते आहे. आता दोन प्रश्न उरले: छप्पर नसेल तर काय करावे आणि वादळाच्या मोसमात काय?

लोखंडकाम

कोपऱ्यातला तळ आत्ताच कापून नवी प्लेट बसवून घ्या. वरून ठिगळ लावले तर दोन प्लेटच्या मध्ये ओल कोंडते.

छप्पर नसेल तर कव्हर घ्या, पण ते स्मोकरच्या अंगाला चिकटता कामा नये. ट्रेलरच्या चौकटीला तीन लोखंडी कमानी वेल्ड करून त्यांवर ताडपत्री ताणली, तर पाणी वरून निघून जाते आणि खालून वारा खेळतो. उंची कुंपणाच्या आत बसते आणि पेटवताना ताडपत्री पूर्ण काढून ठेवता येते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी ती एरवीही काढून ठेवा.

उभा करताना चरबी निघायचा नळ ज्या टोकाला असेल ते टोक जॅकने अंगठाभर खाली ठेवा आणि नळ उघडा ठेवून खाली बादली लावा. तुमच्या टाकीला नळ फायरबॉक्सच्या बाजूला असेल तर तो उलट्या टोकाला हलवून घ्या. आत शिरलेले पाणी राखेकडे जाता कामा नये.

ऑस्टिनच्या_दक्षिणेला

वादळाचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. इशारा आला की ताडपत्री आणि कमानींचे सुटे भाग, जाळ्या, धुराड्याचे झाकण, राखेचा डबा हे सगळे गॅरेजमध्ये घ्यावे. चाकांना पुढे-मागे ठोकळे लावावेत आणि ट्रेलरची चौकट चौथऱ्यात बसवलेल्या कड्यांना साखळीने बांधावी. चौथरा ओतायचाच आहे तर ही कडी काँक्रीट ओले असतानाच बसवून घ्या.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळाच्या पुरात तुमच्या भागात पाणी शिरले होते. पुराचे पाणी फायरबॉक्सपर्यंत आले तर त्यात सांडपाणीही असते असे धरून चाला. आतला सगळा थर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, खरवडून पोलाद उघडे करा, त्याच दिवशी आग करून सुकवा आणि तेल पाजण्याची क्रिया अगदी पहिल्यापासून करा. बेअरिंग उघडून जुने ग्रीस काढायला विसरू नका, कारण तिथे शिरलेले पाणी बाहेरून दिसत नाही.